भाऊसिंगजी रोडवरचे भाऊसिंगजी कोण? (कोल्हापुरात पत्ता होऊन बसलेली माणसं)

नववी गल्ली
दिवाळीच्या सुट्टीत ठाण्याहून भाची आली होती. वय अकरा, प्रश्न मात्र वर्षभर पुरतील एवढे. स्टँडवरून रिक्षा केली, दसरा चौक ओलांडला आणि पाटी वाचून तिनं विचारलं, "मावशी, भाऊसिंगजी कोण होते?"

मी गप्प. चाळीस वर्षं या रस्त्यानं ये-जा आहे, कपडे इथं घेतले, चपला इथं घेतल्या, पण हा प्रश्न कधी डोक्यात आला नाही. रिक्षावाल्या मामांनी आरशातनं बघत माझी अब्रू वाचवली. म्हणाले, "रोड हाय त्यो, बाळ."

मग तिचं सुरूच झालं. केशवराव भोसले कोण? नाट्यगृह. बागल कोण? चौक. खर्डेकर कोण? विद्यापीठातली लायब्ररी. घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं, की आपल्या गावात माणूस मोठा झाला की त्याचा पत्ता होतो, आणि पत्ता झाला की माणूस संपतो.

तर प्रश्न असा. ज्यांची नावं आपण रोज घेतो त्यांच्याबद्दल, पुतळ्याखालच्या पाटीवर नसतं असं तुम्हाला काय माहीत आहे? अट एकच, शाहू महाराज नकोत. ते आले की धागा त्यांच्यावरच संपतो.

पेठकरी
शाहू महाराज वगळून कोल्हापूर म्हणजे मीठ न घालता पांढरा रस्सा की ओ ताई.

जुना पडदा
केशवरावांपासून सुरू करतो, कारण त्यांचं नाव घेतलं की हल्ली लोकांना फक्त नाट्यगृहाला लागलेली आग आठवते.

जन्म ९ ऑगस्ट १८९०, इथलाच. घरची परिस्थिती बेताची. आईनं पोरांना नाटक कंपनीत घातलं तेव्हा हा पुरता पाच वर्षांचाही नव्हता. म्हणजे शाळा, घर, गाव सगळं कंपनीच. दहा-अकराव्या वर्षी नायिकेच्या भूमिकेत गाऊन त्यानं लोकांना वेड लावलं. आणि १९०८ च्या जानेवारीत हुबळीला स्वतःची 'ललितकलादर्श' काढली तेव्हा वय किती? सतरा. आपल्याकडं सतराव्या वर्षी पोरगं बारावीच्या क्लासची फी घेऊन जातं आणि वाटेत भेळ खातं. या गड्यानं बिऱ्हाड, पडदे, नट, वादक, आचारी असा सगळा संसार अंगावर घेतला.

८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झालं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोन कंपन्यांचे दोन मालक, एरवी एकमेकांचे स्पर्धक, एकाच रंगमंचावर. त्या रात्रीबद्दल आजही लोक असं बोलतात, की जणू स्वतः तिकीट काढून पहिल्या रांगेत बसले होते.

आणि त्यानंतर तीन महिनेसुद्धा झाले नाहीत. ४ ऑक्टोबर १९२१ ला विषमज्वरानं गेले. एकतीस वर्षांचं आयुष्य, त्यातली सव्वीस-सत्तावीस वर्षं रंगमंचावर. नाट्यगृह महाराजांनी बांधलं ते 'पॅलेस थिएटर' म्हणून, १९१५ साली. केशवरावांचं नाव पुढं लागलं.

कटवडा
८ ऑगस्ट २०२४. त्या रात्री मी तिथं होतो. बातमी मोबाईलवर आली आणि गाडी काढून खासबागेच्या बाजूला गेलो. अर्धं गाव जमलेलं. कोण ओरडत नव्हतं, हे मला लई विचित्र वाटलं. आपल्या गावात रिक्षाला रिक्षा घासली तरी चारजण ओरडतात. शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, आयुष्य बॅकस्टेजला गेलेलं. ते एवढंच म्हणाले, "उद्या जयंती हाय न्हवं."

त्यांनी सांगेपर्यंत मला ९ ऑगस्ट ही तारीख माहीत नव्हती.

नववी गल्ली
@कटवडा, मलाही नव्हती. यासाठीच धागा काढला.

पुणेरी पाहुणा
छान माहिती. थोडी भर घालतो. केशवरावांनंतर ललितकलादर्श भालजी पेंढारकरांचे बंधू बाबूराव पेंढारकर यांनी चालवली. म्हणजे नाटक आणि सिनेमा एकाच घरात.

जुना पडदा
पाहुणे, इथं भलेभले फसतात. कंपनी चालवली ती बापूराव पेंढारकरांनी. त्यांचे चिरंजीव भालचंद्र, म्हणजे नाटकवाले अण्णा. भालजींचे बंधू ते बाबूराव पेंढारकर, सिनेमातले नट. आणि भालजींचं पाळण्यातलं नाव काय? भालचंद्र! म्हणजे दोन भालचंद्र, एक बापूराव, एक बाबूराव, आणि या सगळ्यांच्या शेजारी बाबूराव पेंटर वेगळेच.

पेठकरी
आमच्या गल्लीत "बाबू" म्हणून हाक मारली की चौघं वळतात आणि एक कुत्रं.

पुणेरी पाहुणा
चूक मान्य. यापुढं कोल्हापुरात कुणालाही नुसतं 'राव' म्हणेन.

लेथवाला
बाबूराव पेंटरचं नाव निघालंच हाय तर बोलतो. माझं उद्यमनगरात वर्कशॉप, तिसरी पिढी. सिनेमाचं मला काय कळत नाही. मला कळतो कॅमेरा, म्हणजे यंत्र म्हणून.

मूळचे ते बाबूराव मेस्त्री, जन्म १८९०. केशवराव आणि हे एकाच वर्षाचे, एकाच गावचे. चुलतभाऊ आनंदराव आणि बाबूराव दोघं नाटकांचे पडदे रंगवायचे, त्यात ललितकलादर्शचे पण. दोघांना सिनेमाचं खूळ लागलं. कॅमेरा विकत घ्यायला पैसे न्हाईत, मग ठरलं, आपणच करायचा. १९१६ ला आनंदराव गेले. दुसरा कोणी असता तर तिथंच सोडलं असतं. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरलं आणि लेथवर सुटे भाग कातत तो कॅमेरा पुरा केला.

आता ज्यांनी कधी लेथ चालवला न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. कॅमेऱ्यात फिल्म नुसती सरकून चालत नाही. एक चौकट पुढं येणार, क्षणभर थांबणार, झडप उघडणार, मिटणार, मग पुढची चौकट. हे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, आणि हातानं दांडा फिरवून. दात्यात केसाएवढा फरक पडला तर पडद्यावर चित्र नाचणार. आज माझ्याकडं कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन हाय, तरी असलं काम आलं की मी दोन दिवस टाळतो. यांनी ते बघून, उघडून, अंदाजानं केलं. ड्रॉइंग द्यायला पण कोण नव्हतं.

१ डिसेंबर १९१७ ला 'महाराष्ट्र फिल्म कंपनी'. भांडवल तानीबाई कागलकरांनी दिलं, त्या गायिका. आता मला सांगा, त्यांच्या नावाचा चौक कुठं हाय?

जुना पडदा
लेथवालेसाहेब, सलाम. पुढचं मी जोडतो. १९२० साली 'सैरंध्री' आला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या, हे त्या काळी साधं धाडस नव्हतं. कीचकाचं मुंडकं उडतं तो प्रसंग इतका खरा वाटला, की बायका घेरी येऊन पडल्या आणि सरकारनं तो कापायला लावला. टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं.

पण माझ्या मते त्यांची खरी कमाई म्हणजे त्यांच्या हाताखालची पोरं. दामले, फत्तेलाल, धायबर आणि व्ही. शांताराम. हेच चौघं बाहेर पडले, सराफ सीतारामपंत कुलकर्णी त्यांना मिळाले आणि १ जून १९२९ ला इथंच 'प्रभात' निघाली. आणि १९३३ ला प्रभात पुण्याला गेली. बाबूराव कोल्हापुरातच राहिले, १९५४ ला इथंच गेले. चित्रं काढत राहिले, शिल्पं करत राहिले. शिवाजी चौकातला महाराजांचा अर्धपुतळा बघता ना, तो त्यांचाच.

कटवडा
काय सांगतोस! त्या पुतळ्याखाली उभा राहून मी आजवर हजार मॅचचा जल्लोष केला असंल.

आजरेकर
खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. दर १ डिसेंबरला त्याची पूजा होते. मी कॉलेजात असताना त्याला कॅमेऱ्याचं दुकान समजायचो.

विद्यापीठ कट्टा
धागाकर्तीनं खर्डेकर लायब्ररीचं नाव घेतलं म्हणून लिहिते. मी तिथं पाच वर्षं अभ्यास केलो. अभ्यास म्हणजे निम्मा वेळ पंख्याखाली झोपलो, ते असूदे.

बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर राजाराम कॉलेजचे प्राचार्य होते. खाशाबा जाधव त्याच कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ ला खाशाबा लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं, तिथं सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैशाची बोंब. कुणी शंभर देतंय, कुणी पन्नास. तेव्हा या प्राचार्यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. १९५२ सालचे सात हजार!

खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्तीची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि ते पैसे फेडले. मला खरं सांगायचं तर पदकापेक्षा ही फेड जास्त आवडते.

लायब्ररीच्या दारात हे मोठ्या अक्षरात लिहायला पाहिजे. आम्हाला दारात काय लिहिलेलं दिसायचं? "पिशव्या बाहेर ठेवाव्यात."

कराडकर
सुंदर लिहिलंय, पण एक नम्र सूचना. खाशाबा आमचे. गोळेश्वर, तालुका कराड. पदक घेऊन आले तेव्हा बैलगाड्यांची मिरवणूक निघाली ती कराडला.

पेठकरी
आला का वाद! तुम्ही जन्माला घातला, आम्ही घडवला. पोरगं कुणाचं?

कराडकर
ज्याच्या मातीत पडलं त्याचं.

पेठकरी
पडलं तुमच्या मातीत, उठून दुसऱ्याला पाडायला शिकलं आमच्या मातीत.

पुणेरी पाहुणा
@विद्यापीठ कट्टा, "लिहिते" आणि "अभ्यास केलो", "झोपलो" हे एकाच प्रतिसादात? आपण ताई की दादा?

विद्यापीठ कट्टा
ताईच. टाइप करताना पहिल्या ओळीला भान होतं, मग सुटलं. कोल्हापुरात बायका पण "मी आलो, मी गेलो" म्हणतात. आमच्या आजी तर "मी त्याला बघतो आता" असं म्हणायच्या आणि आजोबा निमूट उठून जायचे.

नववी गल्ली
अगदी! भाची मला सारखी म्हणत होती, "मावशी, तू मुलगा आहेस का?"

मोतीबाग
खाशाबांच्या वादावर थोडं थंड पाणी टाकतो. पहिले हिंदकेसरी, १९५९, श्रीपती खंचनाळे. गाव एकसंबा, आता कर्नाटकात. १९६० चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर, ज्यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. गाव पुनवत, शिराळ्याकडचं. दोघंही कोल्हापूरचे म्हणूनच जगले आणि इथंच राहिले. आंदळकर आबांना मी म्हातारपणी आमच्या तालमीत बघितलंय. खुर्चीत बसलेले असायचे, बोलायचे कमी. एखाद्या पोराचा पाय चुकला की नुसती काठी टेकवायचे जमिनीवर. तेवढ्यानं पोरगं नीट उभं राहायचं.

अल्लादियाँ खाँसाहेब राजस्थानातले. खांडेकर सांगलीचे, मग शिरोड्याला मास्तर. आणि अट मोडून बोलतो ताई, खुद्द शाहू महाराज कागलच्या घाटग्यांकडनं दत्तक आले. उलट इथं जन्मलेले बघा. शांताराम बापू पुणे-मुंबईला. नारळीकर सर १९३८ ला इथं जन्मले, शिकले बनारसला, मग केंब्रिज, शेवटी पुणे. म्हणजे आपल्या गावाचा धंदाच हा हाय. बाहेरचा आला तर मांडीवर घ्यायचा, घरातला निघाला तर टाटा करायचा.

कराडकर
हे पटलं. खाशाबा निम्मे घ्या.

डावखुरा
इथंच जन्मला आणि इथंच गेला असा एक सांगतो, ज्याचा चौकही मी पाहिलेला नाही. भाऊसाहेब निंबाळकर.

डिसेंबर १९४८, पुण्यात रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठेवाड. भाऊसाहेब नाबाद ४४३. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला फक्त नऊ धावा कमी. आणि काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकूरसाहेब, मधल्या सुट्टीत म्हणाले, आता डाव सोडा नाहीतर आम्ही निघालो. आणि खरंच निघाले! सामना तिथंच संपला. नऊ धावा म्हणजे दोन चौकार आणि एक धाव. भाऊसाहेबांनी त्या डावात ४९ चौकार मारले होते.

आजही कुठल्याही भारतीयाची प्रथम श्रेणी सामन्यातली ती सर्वोच्च खेळी आहे. आणि कसोटी? एकही नाही. रणजी सलग खेळले, धावा केल्या, पण अधिकृत कसोटीची टोपी डोक्यावर आली नाही. डिसेंबर २०१२ मध्ये कोल्हापुरात गेले, त्र्याण्णवावा वाढदिवस दुसऱ्या दिवशी होता.

माझे वडील शाळेत असताना त्यांना बघायला मैदानावर जायचे. वडिलांचं एक लाडकं वाक्य होतं. मला परीक्षेत ९१ पडले की म्हणायचे, "नऊच कमी, निंबाळकर झालास." मला कित्येक वर्षं हे कौतुक आहे की टोमणा ते कळलं नाही.

आजरेकर
पलीकडचे मैदान सोडून गेले म्हणून विक्रम हुकला, आणि आपण गल्ली क्रिकेटमध्ये "बॅट माझी, मी चाललो" म्हणणाऱ्याला शिव्या देतो. परंपरा जुनी आहे.

लेथवाला
नऊ धावांवर गावात पुतळा पाहिजे होता. पूर्ण केलेल्याचे पुतळे लई झाले.

षड्ज
खाँसाहेबांचं नाव आलं, तेवढं सोडून पुढं जाऊ नका.

उस्ताद अल्लादियाँ खाँ शाहू महाराजांच्या दरबारी गवई. तरुणपणी ऐन भरात असताना गाऊन गाऊन आवाज बसला. पुन्हा उभे राहिले ते वेगळ्याच गायकीनं. आज जिला जयपूर-अत्रौली म्हणतात ती अवघड, वळणावळणाची गायकी बसलेल्या आवाजातून वाट काढताना घडली, असं गुरुजन सांगतात. महाराज १९२२ ला गेल्यावर ते मुंबईला गेले. केसरबाई, मोगूबाई ही त्यांची शिष्यमंडळी.

पण त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरात राहिले. आणि त्यांच्याकडं शिकलेली एक कोल्हापूरची मुलगी, धोंडूताई कुलकर्णी, जन्म १९२७. ब्राह्मण घरातली मुलगी त्या काळात खाँसाहेबांपुढं बसून तालीम घेते, आणि तिचे वडील तिला घेऊन जातात, हे त्या गावात घडलं जिथं आज आपण नातीला कथ्थकला घालताना दहादा विचार करतो. पुढं केसरबाईंनी धोंडूताईंना शिकवलं. केसरबाई शिकवायला तयार व्हायच्या नाहीत म्हणून प्रसिद्ध. धोंडूताई मुंबईत साधेपणानं राहिल्या, शिकवत राहिल्या, २०१४ ला गेल्या.

कोल्हापुरात किती जणांना नाव माहीत आहे? हात वर करा.

कटवडा
हात खालीच. पण आज रात्री यूट्यूबवर ऐकतो.

कटवडा
ऐकलं. पहिली दहा मिनिटं काय कळलं न्हाई. मग बायको येऊन शेजारी बसली, तिला पण काय कळलं न्हाई. पण बंद कर म्हणाली न्हाई. चाळीस मिनिटं झाली.

षड्ज
@कटवडा, एवढंच पाहिजे.

रायफल नेम
सगळे जुने झाले. चालू काळातलं कोणी बोलत नाही म्हणून. तेजस्विनी सावंत, २०१० म्युनिक, ५० मीटर प्रोन (म्हणजे पालथं पडून नेम), जागतिक विजेती. नेमबाजीत असं करणारी पहिली भारतीय महिला. राही सरनोबत, २०१८ आशियाई सुवर्ण. स्वप्नील कुसाळे, कांबळवाडी, तालुका राधानगरी, पॅरिस २०२४, कांस्य. खाशाबांनंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षं लागली. वडील शिक्षक, पदक मिळालं तेव्हा स्वतः रेल्वेत टीसी. राधानगरीचं धरण सगळ्यांना माहीत, कांबळवाडी पदक आल्यावर नकाशात शोधली.

मोतीबाग
मातीतला गाव नेमबाजीत कसा गेला हे मला न उलगडलेलं कोडं हाय.

रायफल नेम
दोन्हीत श्वास धरावा लागतो, पैलवान.

विद्यापीठ कट्टा
बागल चौक राहिला. भाई माधवराव बागल. लोकांना ते चळवळीचे पुढारी म्हणून माहीत, पण ते जे. जे. मध्ये शिकलेले चित्रकार होते. बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० ला महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसले ते त्यांच्या पुढाकारानं. तारीख पुन्हा वाचा. बाबासाहेब तेव्हा हयात होते. आपल्याकडं माणूस गेल्यावर वर्गणी गोळा होते. यांनी आधीच केलं.

आणि नववी गल्लीताई, तुमच्या राजारामपुरीतच नट चंद्रकांत मांडरे यांचं घर आहे. घर आणि चित्रं त्यांनी सरकारला दिली, आता संग्रहालय आहे. बघितलंय?

नववी गल्ली
दोन गल्ल्या सोडून आहे. नाही बघितलेलं. बोलू नका आता.

जुना पडदा
शंभर प्रतिसाद होतील, पण मूळ प्रश्न तसाच आहे. भाऊसिंगजी कोण?

षड्ज
मी सांगतो. भावनगरचे महाराज भावसिंहजी. शाहू महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजात शिकायला होते तेव्हाचे त्यांचे सोबती, पुढं धारवाडलाही फ्रेझरसाहेबांकडं दोघं एकत्र शिकले. महाराजांनी मित्राचं नाव रस्त्याला दिलं. आपण 'भावसिंहजी' म्हणायचा कंटाळा केला, आणि काठेवाडी राजाचा भाऊ झाला.

पेठकरी
अट मोडली! शाहू महाराज आलेच!

लेथवाला
येणारच होते. आणि त्याच रोडवर गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल होतं, 'सत्यसुधारक'. अस्पृश्य म्हणून ज्याच्या हातचं पाणी कोण पीत नव्हतं, त्याच्या हॉटेलापुढं महाराज गाडी थांबवून चहा प्यायचे. सोबतच्या बड्या मंडळींना पण पाजायचे, म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. रस्त्याला नाव राजाचं हाय, पण मला त्या रस्त्यावर गेलं की चहावालाच आठवतो.

डावखुरा
काठेवाडच्या माणसाच्या नावानं आपल्याकडं रोड आहे आणि काठेवाडनं आपल्या निंबाळकरला नऊ धावा दिल्या नाहीत. हिशेब राहिलाच.

नववी गल्ली
काल रात्री भाचीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. भावसिंहजी ऐकून घेतले, गंगाराम कांबळ्यांचं हॉटेल दोनदा सांगायला लावलं, ४४३ वर "मग त्यांनी परत मॅच का नाही घेतली?" म्हणून भांडली. रविवारी मी मांडऱ्यांच्या संग्रहालयात जाणार आहे. कोणी येणार असेल तर सांगा, नंतर मिसळ माझ्याकडून.

फोन ठेवता ठेवता तिनं आणखी एक विचारलंय. दाभोळकर कॉर्नरचे दाभोळकर कोण?

पेठकरी
कॉर्नर हाय त्यो, बाळ.